शाळेवरचा सुरुंग आणि शाळेचे कुलूप

अमेरिकेच्या संसदभवनात प्रत्येक राज्याला आपल्या दोन थोर व्यक्तींचे पुतळे ठेवण्याचा मान आहे. व्हर्जिनिया राज्याने १९०९ पासून तेथे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या जोडीला जनरल रॉबर्ट ली यांना उभे केले होते. गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचा हा सेनापती, ज्या संघराज्याशी तो लढला त्याच्याच संसदेत शंभराहून अधिक वर्षे मानाने उभा होता. डिसेंबर २०२० मध्ये तो पुतळा हलवण्यात आला आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या जागी बार्बरा रोझ जॉन्स या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीच्या पुतळ्याचे अनावरण झाले. सोळा वर्षांची मुलगी आणि डोक्यावर उंचावलेले एक जीर्ण पुस्तक, असे त्याचे रूप आहे. समारंभाला दोन्ही पक्षांचे नेते हजर होते. अमेरिकेच्या सध्याच्या दुभंगलेल्या राजकारणात असा प्रसंग दुर्मीळच म्हणायचा.

अशा समारंभात कथा नेहमी सोपी करून सांगितली जाते. शूर मुलगी उभी राहिली, सर्वोच्च न्यायालयाने न्याय दिला, देश सुधारला, एवढ्यावर ती संपते. बार्बरा जॉन्सच्या गावाने त्या न्यायाचे पुढे काय केले, हा प्रश्न मात्र भाषणांत ओझरताच येतो. वास्तविक खरा इतिहास तिथेच सुरू होतो, आणि शाळांतून काय शिकवावे व शाळांचा पैसा कोणाकडे जावा यावर अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत जे वाद पेटले आहेत, त्यांचा धागाही तेथपर्यंत जातो.

फार्मव्हिल हे व्हर्जिनियाच्या दक्षिण भागातील प्रिन्स एडवर्ड काउंटीचे मुख्य गाव. तंबाखूची शेती, दोन महाविद्यालये, एक न्यायालय आणि एक वृत्तपत्र एवढा त्याचा पसारा. कृष्णवर्णीय मुलांसाठी तेथे १९३९ मध्ये मोटन हायस्कूल बांधण्यात आले, ते १८० विद्यार्थ्यांसाठी. बारा वर्षांनी तेथे साडेचारशेच्या वर मुले शिकत होती. शाळेला व्यायामशाळा नव्हती, भोजनगृह नव्हते. जागा पुरेना म्हणून काउंटीने नवी इमारत बांधण्याऐवजी आवारात लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोपटी उभारून दिली. पावसात ती गळत, हिवाळ्यात शेगडीजवळची मुले भाजत आणि दाराजवळची मुले कोट घालून थरथरत. रस्त्याने जाणारे लोक त्यांना कोंबड्यांची खुराडी समजत. गावातच असलेले गोऱ्या मुलांचे हायस्कूल विटांचे आणि सर्व सोयींनी युक्त होते.

पालकांनी अर्ज केले, मंडळाने आश्वासने दिली, वर्षे गेली. २३ एप्रिल १९५१ रोजी मुख्याध्यापक बॉइड जोन्स यांना एक खोटा दूरध्वनी करून शाळेबाहेर काढण्यात आले आणि सर्व विद्यार्थ्यांना सभागृहात बोलावण्यात आले. पडदा उघडला तेव्हा व्यासपीठावर अकरावीतली बार्बरा उभी होती. तिने शिक्षकांना सभागृह सोडण्याची विनंती केली. त्यांच्यावर किटाळ येऊ नये, हा हेतू. मग तिने संपाची हाक दिली. दोन आठवडे शाळा ओस पडली. मुलांची मागणी होती नव्या इमारतीची. नागरी हक्क संघटनेचे वकील ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी मात्र अट घातली, की खटला लढायचा तर वेगळ्या पण चांगल्या शाळेसाठी नव्हे. वेगळेपणाच रद्द व्हावा यासाठी लढायचा. पाद्री फ्रान्सिस ग्रिफिन यांच्या चर्चमध्ये सभा भरली, पालक राजी झाले आणि महिन्याभरात ११७ विद्यार्थ्यांच्या नावाने दावा दाखल झाला. १७ मे १९५४ च्या 'ब्राऊन' निकालात जे पाच खटले एकत्र करण्यात आले, त्यांत सर्वाधिक फिर्यादी या एकट्या गावाचे होते. इतर चार दाव्यांमागे पालक किंवा कार्यकर्ते होते. फार्मव्हिलचा दावा मुलांच्या संपातून निघाला.

त्याची किंमत लगेच चुकवावी लागली. शाळेच्या आवारात क्रूस जाळण्यात आला. मुख्याध्यापक जोन्स यांची नोकरी गेली. बार्बराच्या जिवाला धोका आहे असे वाटून तिला अलाबामातील मॉन्टगोमेरीला काका व्हर्नन जॉन्स यांच्याकडे पाठवण्यात आले. ज्या चर्चचे हे काका पाद्री होते, तेथे पुढे त्यांच्या जागी मार्टिन ल्यूथर किंग आले. १९५५ मध्ये कुटुंब बाहेरगावी असताना जॉन्स यांचे घर जळून खाक झाले. तरीही दक्षिणेतील इतर अनेक गावांच्या तुलनेत फार्मव्हिल शांतच म्हणावे लागेल. कोणाचा खून झाला नाही, शाळेवर जमाव चालून गेला नाही. त्या गावातील पुढाऱ्यांना या शांततेचा अभिमान होता. 'फार्मव्हिल हेरल्ड'चे प्रकाशक बॅरी वॉल हे वांशिक विभक्तपणाचे कट्टर पुरस्कर्ते, पण दंगेखोर मंडळींना गावात थारा देऊ नये याबद्दलही तितकेच दक्ष. आपला लढा सभ्य मार्गाने, कायद्याच्या चौकटीत चालला आहे, असे ते सांगत. या सभ्य मार्गाने काय साधले हे पाहण्यापूर्वी त्याची परंपरा किती जुनी आहे, हे लक्षात घ्यायला हवे. ती दक्षिणेतलीही नाही.

कनेक्टिकट हे उत्तरेकडील राज्य. तेथील कँटरबरी गावात प्रुडन्स क्रँडल ही गोरी शिक्षिका १८३१ पासून मुलींची निवासी शाळा चालवत होती. गावातील प्रतिष्ठितांनीच तिला बोलावून घेतले होते. सारा हॅरिस या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याच्या मुलीने तिच्याकडे प्रवेश मागितला. शिक्षिका होऊन आपल्या समाजातील मुलांना शिकवावे, एवढीच तिची इच्छा होती. क्रँडलने तिला प्रवेश देताच गोऱ्या पालकांनी मुली काढून घेतल्या. त्यावर या बाईने जे केले ते गावाच्या कल्पनेपलीकडचे होते. तिने ती शाळा बंद केली आणि एप्रिल १८३३ मध्ये केवळ कृष्णवर्णीय मुलींसाठी नव्याने उघडली. बोस्टन, प्रॉव्हिडन्स, न्यूयॉर्क येथून मुली आल्या.

गावाने मग काय केले? दुकानदारांनी माल द्यायचे बंद केले. विहिरीत शेण टाकण्यात आले. मुली रस्त्याने निघाल्या की त्यांच्यावर घाण फेकली जाई. मराठी वाचकाला हे वर्णन वाचताना पुण्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सावित्रीबाई फुले यांच्यावर शेणमाती फेकली गेली ती यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी. दोन्ही गावांनी एकमेकांचे नावही ऐकलेले नव्हते, पण शाळेत निघालेल्या मुलीला अडवण्यासाठी दोघांनाही एकच साधन सुचले.

कँटरबरी मात्र एवढ्यावर थांबले नाही. गावचे वकील अँड्र्यू जडसन यांच्या पुढाकाराने प्रकरण थेट विधिमंडळात गेले आणि मे १८३३ मध्ये कायदा झाला, की राज्याबाहेरच्या कृष्णवर्णीयांना शिकवणारी शाळा गावाच्या संमतीवाचून काढता येणार नाही. महिन्याभरात क्रँडलला अटक झाली आणि एक रात्र तिने तुरुंगात काढली. दुसऱ्या खटल्यात न्यायमूर्ती डेव्हिड डॅगेट यांनी पंचांना सांगितले, की कृष्णवर्णीय हे राज्यघटनेच्या अर्थाने नागरिकच नाहीत. पंचांनी तिला दोषी ठरवले. वरच्या न्यायालयाने १८३४ मध्ये तांत्रिक मुद्द्यावर ही शिक्षा रद्द केली, आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये एका रात्री जमावाने सोटे आणि लोखंडी कांबी घेऊन शाळेच्या खिडक्या फोडल्या. दुसऱ्या दिवशी शाळा बंद झाली.

घटनांचा हा क्रम पाहण्यासारखा आहे. जमाव सर्वांत शेवटी आला. तोवर दुकानदार, वकील, आमदार आणि न्यायाधीश हे सारे आपापले काम करून चुकले होते. कायद्याचा मार्ग थोडा अडखळला तेव्हाच कांबी बाहेर पडल्या. डॅगेट यांचे मत तर वायाही गेले नाही. १८५७ मध्ये 'ड्रेड स्कॉट' या कुप्रसिद्ध निकालात कृष्णवर्णीयांचे नागरिकत्व नाकारताना सर्वोच्च न्यायालयाने क्रँडल खटल्याचा दाखला दिला. एका खेड्यातील मुलींच्या शाळेचे भांडण देशाच्या राज्यघटनेच्या अर्थापर्यंत पोहोचले ते असे.

न्यू हॅम्पशायरमधील केनन गावाचा प्रकार त्याहून विलक्षण. तेथील नॉयेस अकॅडमीत १८३५ मध्ये गोरी आणि कृष्णवर्णीय मुले एकत्र शिकू लागली. गावसभा बोलावून शाळा हलवण्याचा रीतसर ठराव करण्यात आला आणि ऑगस्टमध्ये आसपासच्या गावांतून नव्वदच्या आसपास बैलजोड्या आणून इमारत पायापासून उखडून ओढून नेण्यात आली. शेतकरी समाजाने आपल्या औतकाठीचा केलेला हा वापर अमेरिकी इतिहासात एकमेव असावा. त्या रात्री पळून गेलेल्या विद्यार्थ्यांत हेन्री हायलंड गार्नेट आणि अलेक्झांडर क्रमेल होते. क्रमेल पुढे केंब्रिजला शिकून नामवंत विचारवंत झाले. गार्नेट यांनी १८६५ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या सभागृहात प्रवचन दिले. ज्या संसदभवनात आज बार्बरा जॉन्सचा पुतळा आहे, तेथे बोलणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

यादवी युद्धानंतर चार दशलक्ष गुलाम मुक्त झाले आणि त्यांची पहिली ओढ शाळेकडे होती. दक्षिणेत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा अनेक राज्यांत गुन्हा होता. त्यामुळे अक्षर म्हणजे मुक्तीची खूण, हे शिकवावे लागले नाही. मळेवाल्यांनाही ते तेवढेच कळत होते. मजुरीचा करार वाचता येणारा, हिशेब तपासणारा, मतपत्रिका ओळखणारा मजूर त्यांना नको होता. म्हणून कू क्लक्स क्लॅनच्या रात्रीच्या स्वाऱ्यांत शाळा आणि शिक्षक हे ठरलेले लक्ष्य असत. अलाबामातील क्रॉस प्लेन्स या रेल्वेवरच्या गावात जुलै १८७० मध्ये कृष्णवर्णीय मजुरांना शिकवणाऱ्या विल्यम ल्यूक या कॅनडाहून आलेल्या शिक्षकाला चार कृष्णवर्णीयांसह फाशी देण्यात आली. कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तेव्हा तिकडे ही राखरांगोळी चालू होती. जोतीरावांनी गौरव केला होता तो मुक्ती घडवणाऱ्यांचा, आणि तो रास्तच होता; मुक्ती मागे घेऊ पाहणारे दुसरे होते.

पुढच्या अर्धशतकात दक्षिणेच्या खेड्यापाड्यांत कृष्णवर्णीयांनी शाळा उभ्या केल्या त्या बहुतांशी स्वतःच्या घामाने. बुकर टी. वॉशिंग्टन आणि शिकागोचे व्यापारी ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या योजनेतून १९३२ पर्यंत सुमारे पाच हजार शाळा बांधल्या गेल्या. त्यांना रोझेनवाल्ड शाळा म्हणतात. पण त्या बांधकामांत रोझेनवाल्ड यांच्या निधीपेक्षा गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांची वर्गणी अधिक होती. हीच माणसे सरकारी शाळांसाठी करही भरत होती. एकाच शाळेसाठी दोनदा पैसे द्यायचे आणि मुलांना गोऱ्या शाळेतून बाद झालेली पुस्तके मिळायची, हा तेव्हाचा शिरस्ता.

'ब्राऊन' निकालाने हा शिरस्ता मोडला, निदान कागदावर. गावागावांतून त्याला काय प्रतिसाद मिळाला हे पाहायचे तर फार्मव्हिलबरोबर टेनेसीतील क्लिंटन हे गाव पाहिले पाहिजे. दोन्ही छोटी, दोन्ही काउंटीची मुख्य ठिकाणे. क्लिंटनमध्ये कृष्णवर्णीयांची संख्या मात्र फारच कमी होती. तेथील कृष्णवर्णीय मुलांना हायस्कूलसाठी वीस मैलांवरच्या नॉक्सव्हिलला बसने जावे लागे. संघराज्याच्या न्यायालयाच्या आदेशानुसार २७ ऑगस्ट १९५६ रोजी बारा कृष्णवर्णीय विद्यार्थी टेकडीवरच्या आपल्या वस्तीतून उतरून क्लिंटन हायस्कूलमध्ये गेले. लिटल रॉकच्या नऊ विद्यार्थ्यांचे नाव जगभर झाले, पण क्लिंटनचे बाराजण त्यांच्या एक वर्ष आधीचे.

पहिला दिवस शांततेत गेला. गावातील बहुसंख्य गोऱ्यांना हे मिश्रण पसंत नव्हते, पण कायदा आहे तर पाळायचा, अशी त्यांची भूमिका होती. मग न्यू जर्सीचा जॉन कॅस्पर नावाचा चिथावणीखोर तेथे येऊन ठेपला. आठवड्याच्या आत रस्त्यावर हजारोंचा जमाव, उलटवलेल्या गाड्या आणि धमक्या असे चित्र दिसू लागले. राज्यपाल फ्रँक क्लेमेंट यांना रणगाड्यांसह सहाशेवर सैनिक पाठवावे लागले. शाळेच्या आत छळ चालूच राहिला. डिसेंबरमध्ये वातावरण इतके तापले की मुले घरी बसली. ४ डिसेंबरला गोऱ्यांच्या बाप्टिस्ट चर्चचे पाद्री पॉल टर्नर स्वतः मुलांना सोबत घेऊन शाळेपर्यंत चालत गेले आणि परतताना त्यांना भर रस्त्यात रक्तबंबाळ होईपर्यंत मारहाण झाली. त्याच दिवशी गावात नगरपालिकेचे मतदान होते. विभक्तवाद्यांच्या उमेदवारांचा त्यात पार धुव्वा उडाला.

मे १९५७ मध्ये बॉबी केन हा त्या बारांपैकी एक विद्यार्थी पदवीदान समारंभात उभा राहिला. दक्षिणेतील एकात्म सरकारी हायस्कूलमधून उत्तीर्ण झालेला तो पहिला कृष्णवर्णीय मुलगा. पुढच्या वर्षी गेल अ‍ॅन एप्स उत्तीर्ण झाली. बारांपैकी क्लिंटनमधून उत्तीर्ण झाले ते हे दोघेच. बाकीच्यांची घरे एकेक करून गाव सोडून गेली किंवा मुलांनी अन्यत्र शिक्षण पुरे केले. ५ ऑक्टोबर १९५८ च्या पहाटे सुरुंगाच्या तीन स्फोटांनी शाळेची इमारत उद्ध्वस्त झाली. रविवार होता म्हणून जीवितहानी झाली नाही. गुन्हेगार कधीच सापडले नाहीत. तथापि काही दिवसांतच शेजारच्या ओक रिज या अणुनगरीतील एका रिकाम्या शाळेत क्लिंटनचे वर्ग भरू लागले, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसह. पत्रकार ड्रू पिअर्सन यांनी देशभर निधी गोळा केला आणि नवी इमारत उभी राहिली. सुरुंगाने इमारत पाडली, पण शाळा बंद पडली नाही.

फार्मव्हिलमध्ये इमारतीच्या एका काचेलाही धक्का लागला नाही, आणि शाळा पाच वर्षे बंद राहिली.

त्याची तयारी आधीपासून झाली होती. सिनेटर हॅरी बर्ड यांनी १९५६ मध्ये व्हर्जिनियाला 'सर्वशक्तीनिशी प्रतिकारा'ची हाक दिली होती. एकत्र शिक्षण सुरू होईल ती शाळा राज्याने बंद करायची असा कायदाच झाला. १९५८ मध्ये नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि फ्रंट रॉयल येथील शाळा त्यानुसार बंद झाल्या. जानेवारी १९५९ मध्ये राज्याच्या आणि संघराज्याच्या न्यायालयांनी हे कायदे एकाच दिवशी घटनाबाह्य ठरवले, त्या शाळा उघडल्या आणि बहुतेकांना वाटले, की संपले. प्रिन्स एडवर्ड काउंटीने मात्र साधी वाट काढली. जून १९५९ मध्ये काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाने शाळांसाठी तरतूदच केली नाही. अंदाजपत्रकात पैसे नाहीत, म्हणून शाळा नाहीत. एवढेच.

गोऱ्या मुलांसाठी प्रिन्स एडवर्ड अकॅडमी ही खासगी संस्था त्याच शरद ऋतूत सुरू झाली. पुढच्या वर्षी राज्य आणि काउंटी दोघांकडून पालकांना शुल्कासाठी अनुदान मिळू लागले, आणि अशा शाळेला देणगी देणाऱ्याला मालमत्ता करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत ठरली. १९६१ मध्ये न्यायालयाने काउंटीची अनुदाने आणि करसवलती थांबवल्या, तरी अकॅडमीची घडी तोवर बसली होती. सुमारे सतराशे कृष्णवर्णीय मुले रस्त्यावर आली. ज्यांना शुल्क परवडत नव्हते अशी काही गरीब गोरी मुलेही त्यांत होती. त्यांची कोणी फारशी दखल घेतली नाही.

गोऱ्या पुढाऱ्यांनी कृष्णवर्णीयांसाठीही एक खासगी शाळा काढून देऊ केली. तिच्यासाठी अर्ज आला एक. ती स्वीकारली असती तर खटला ढासळला असता, हे पालक जाणून होते. त्याच कारणास्तव चर्चच्या तळघरांत स्वयंसेवकांनी चालवलेल्या वर्गांनाही शाळा म्हटले जात नसे, 'प्रशिक्षण केंद्र' म्हटले जाई. थोडी मोठी मुले नॉर्थ कॅरोलिनातील किट्रेल कॉलेजात गेली. काहींना क्वेकर पंथीयांनी दूरच्या राज्यांतील अनोळखी घरांत ठेवून शिकवले. काही शेजारच्या काउंटीत आजीकडे राहिली. बाकीची तंबाखूच्या शेतात. बारा वर्षांच्या मुलाचे पाच वर्षांनी सतरा वय होते. त्याला परत सातवीच्या बाकावर बसवणार कोण? तत्त्व सांभाळायचे म्हणून एका पिढीने शिक्षण गमवायचे, हा कृष्णवर्णीय पालकांपुढचा पेच भयंकर होता, आणि त्याबद्दल त्यांच्यातही मतभेद झाले. पण तो पेच त्यांनी निर्माण केलेला नव्हता.

१९६३ च्या उन्हाळ्यात तरुणांनी निदर्शने केली. गोऱ्यांच्या चर्चच्या पायऱ्यांवर प्रार्थना करणाऱ्यांनाही अटक झाली. त्याच वर्षी केनेडी सरकारच्या पुढाकाराने खासगी देणग्यांतून मोफत शाळा उघडल्या. २५ मे १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'ग्रिफिन' खटल्यात निकाल दिला. पाद्री ग्रिफिन यांच्या मुलांच्या नावाने चाललेला हा दावा. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलेल्या या निकालाने शाळा उघडण्याचा मार्ग मोकळा केलाच, शिवाय गरज पडल्यास पर्यवेक्षकांना कर बसवायला भाग पाडण्याचा अधिकारही खालच्या न्यायालयाला असल्याचे स्पष्ट केले. शाळा उघडल्या. त्यांत आली ती जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय मुले. गोरी मुले अकॅडमीतच राहिली. अकॅडमीने कृष्णवर्णीयांना दार उघडले ते १९८० च्या दशकात, करमाफी गमावल्यानंतर.

या दोन गावांची तुलना करताना एक गोष्ट विसरता कामा नये. फार्मव्हिलचे कुलूप सभ्य होते, कारण क्लिंटनचा सुरुंग शक्यतेच्या पातळीवर सर्वत्र हजर होता. जॉन्स कुटुंबाने मुलीला उगाच परगावी पाठवले नव्हते. तरीही परिणामांचा हिशेब मांडला तर अधिक नुकसान कुलपाने केले, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. सुरुंगाने देश हादरतो, वृत्तपत्रे धावतात, निधी जमतो, मध्यममार्गी माणसालाही लाज वाटते. अंदाजपत्रकातून वगळलेल्या एका बाबीचे छायाचित्र काढता येत नाही. छोट्या गावात तर ज्यांच्याकडे दाद मागायची तेच पर्यवेक्षक, तेच मालक, तेच सावकार आणि तेच वृत्तपत्राचे प्रकाशक असतात. 'ब्राऊन'नंतर दक्षिणेत शाळा एकत्र झाल्या तेव्हा कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या नोकऱ्या हजारोंनी गेल्या, त्याही अशाच, बदली-पदरिक्ततेच्या कारकुनी भाषेत.

व्हर्जिनिया विधिमंडळाने २००३ मध्ये शाळाबंदीबद्दल खेद व्यक्त केला आणि २००४ मध्ये त्या पिढीसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. पन्नाशी-साठी ओलांडलेली माणसे तीतून शिकायला बसली. मोटन हायस्कूलचे आज संग्रहालय झाले आहे. क्लिंटनमध्येही कृष्णवर्णीय मुलांच्या जुन्या शाळेत संग्रहालय असून दारात बाराजणांचे ब्राँझचे पुतळे आहेत. पण हा इतिहास वर्गात कसा सांगायचा यावर मात्र देशात एकमत नाही. फ्लोरिडाने २०२३ मध्ये मंजूर केलेल्या अभ्यासक्रमात गुलामांना आत्मसात झालेली कौशल्ये काही वेळा त्यांच्या वैयक्तिक फायद्याची ठरली, असे शिकवण्याची सूचना होती. मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी इतिहासात 'सत्य आणि विवेक' परत आणण्याचा आदेश काढला आणि राष्ट्रीय संग्रहालयांकडे बोट दाखवले. त्याच वसंतात न्यायखात्याने लुइझियानातील प्लॅकमिन्स पॅरिशमधील शाळांवरचा, १९६६ पासूनचा एकात्मीकरणाचा आदेश संपुष्टात आणला.

पैशाचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा आहे. जुलै २०२५ च्या संघराज्याच्या कायद्याने खासगी शाळांच्या शुल्कासाठी शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थांना देणगी देणाऱ्यांसाठी करसवलत मंजूर केली, ती २०२७ पासून. टीकाकारांना यात प्रिन्स एडवर्डच्या पंचवीस टक्क्यांची आठवण होते. पण ही तुलना सरसकट करणे अन्यायाचे होईल. मिलवॉकी शहरात १९९० मध्ये अशी योजना आली ती पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधीच्या पुढाकाराने, सरकारी शाळांना विटलेल्या गरीब कृष्णवर्णीय पालकांसाठी. एकच साधन दोन हेतूंनी वापरले गेले आहे. म्हणून प्रश्न विचारायचा तो प्रत्येक गावात वेगळा: सरकारी शाळेतून पैसा निघून गेल्यावर त्या शाळेत मागे कोण उरते? फार्मव्हिलला १९५९ मध्ये या प्रश्नाचे उत्तर आधीच ठाऊक होते, आणि म्हणूनच पर्यवेक्षकांनी तो निर्णय घेतला.

लीचा पुतळा संसदभवनातून हलला ते राज्याच्या आयोगाने रीतसर ठरवल्यावर. त्याच वर्षी, २०२० मध्ये, व्हर्जिनियाच्याच शेनान्डोआ काउंटीच्या शालेय मंडळाने दक्षिणेच्या सेनानींची नावे आपल्या दोन शाळांवरून काढली होती. चार वर्षांनी मंडळाचे सदस्य बदलले. मे २०२४ मध्ये तासन्‌तास चाललेल्या बैठकीत गावकऱ्यांची मते ऐकून घेण्यात आली, मतदान झाले आणि पाच विरुद्ध एक मतांनी जुनी नावे परत आली. हायस्कूलला स्टोनवॉल जॅक्सन यांचे, तर प्राथमिक शाळेला टर्नर अ‍ॅशबी यांच्या जोडीला रॉबर्ट ली यांचे. पुढच्याच महिन्यात नागरी हक्क संघटनेने आणि काही विद्यार्थ्यांनी न्यायालयात दावा दाखल केला.